पूर्वेच्या खोलीचा व्हिसा

...आणि वर मलाच विचारतो, "कुणाकडं काम आहे?" अहो, त्या फाटकाला रंग मी दिलाय! हिरवा! ह्या हातांनी! आठवडाभर नखांतनं निघाला नव्हता, वर्गात मागच्या बाकांवर सगळी फिदीफिदी हसत होती... आणि हा तेफेरा, आमच्याच गल्लीत वाढलेला, ज्याला ह्या पहारेकऱ्याच्या नोकरीवर मीच चिकटवला, तो काठी आडवी धरतो आणि माझ्याकडं न बघता म्हणतो, "शिमेलिस, तुझं नाव यादीत आहे. आत सोडायचं नाही." मी म्हटलं, "कसली यादी? दाखव." त्यानं दाखवली. चांगला जाड कागद, वर त्यांच्या सरकारचं चिन्ह, एक मासा आणि दोन नारळाची झाडं, खाली गोल शिक्का, आणि मधे एकच नाव. माझं! दुसरं कुणी नाही! जगात एवढी चोरटी माणसं मोकाट हिंडतायत, आणि त्या अख्ख्या देशाला धोका कुणापासून, तर माझ्यापासून! सरकारी शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर मी, हातात बायकोनं दिलेला डबा, अंगात स्वेटर... आणि आत माझा बाप. माझ्याच घरात. पूर्वेच्या खोलीत. पाय पसरून. आता तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

नाही, थांबा, पहिल्यापासनं सांगतो, नाहीतर तुम्ही पण त्या यादीवर सही कराल.

ते घर आबाबांनी, म्हणजे माझ्या बापानं, बांधलं. बांधलं म्हणजे, लोक म्हणतात ना 'मी घर बांधलं' आणि खुर्चीवर बसून गवंड्याला शिव्या घालतात, तसं नव्हे. आबाबा स्वतःच गवंडी. अद्मासू गवंडी म्हटलं की जुन्या विमानतळाकडं आजही म्हातारी माणसं मान हलवतात. एकेक दगड स्वतः घडवलेला. दिवसा दुसऱ्यांची घरं बांधायची आणि सकाळी कामावर जायच्या आधी दोन तास आपलं. सात वर्षं चाललं होतं ते. आणि त्यातली पूर्वेची खोली त्यांनी आईसाठी काढली, कारण तिला म्हणे सकाळचं ऊन तोंडावर पडल्याशिवाय जाग यायची नाही. आई, अस्कालेच तिचं नाव, त्याच खोलीत गेली. सकाळी ऊन आलं आणि तिला जाग आली नाही. त्या दिवसापासून आबाबांचं एकच पालुपद, "मी पण इथनंच जाणार." बरं, जा! कोण अडवतंय? पण त्यानंतर बारा वर्षं ठणठणीत! एक दात नाही हलला! आता माणसानं किती थांबायचं?

तेवढ्यात ही वकिलात आली. आमचं अदीस म्हणजे अख्ख्या आफ्रिकेची पंचायत भरते ते गाव, त्यामुळं ज्याला देश म्हणवून घ्यायचंय त्याला इथं एक फाटक आणि एक झेंड्याची काठी लागतेच. मोठ्या देशांचं ठीक आहे, त्यांच्या आवारात घोडे धावतील. पण लहान देशांनी काय करायचं? तर ते घरं शोधतात. चार खोल्या, पुढं जरा अंगण, पाण्याची टाकी असेल तर बरं. ह्या देशाचं नाव मी सांगत नाही, उगाच दोन राष्ट्रांत वितुष्ट नको. बावीस वर्षं भूगोल शिकवतोय मी, शपथेवर सांगतो, करार झाल्यावर घरी येऊन नकाशात शोधला तर सापडेना! हायमानोत, माझी बायको, ती म्हणाली, "तिथं शाईचा ठिपका पडलाय तो आधी पूस." पुसायला गेलो... तर तोच देश!

भाडं चांगलं. दर महिन्याला पहिल्या तारखेला, एक दिवस मागं नाही न् पुढं नाही, त्यामुळं त्या बाबतीत शिव्या घालायचीसुद्धा सोय नाही. माझ्या दोन मुली कॉलेजात होत्या. आम्ही जेमोला कंडोमिनियममध्ये गेलो, चौथा मजला, लिफ्ट नाही. आणि करार झाला... दहा वर्षांचा.

आबाबांना मी दोन सांगितली.

असं बघू नका! तुम्ही काय सांगितलं असतं? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्या पायरीवर बसलाय, मांडीवर टोपी ठेवलीय, आणि विचारतो, "किती दिवसांसाठी, शिमे?" तुमच्या तोंडातनं 'दहा वर्षं' निघालं असतं? माझ्या तोंडातनं 'दोन' निघालं. आपोआप. मी फक्त ओठ हलवले. ह्यात माझं काय चुकलं?

दोन वर्षं झाली. त्या दिवशी, अगदी त्याच तारखेला, म्हातारा सकाळी अंघोळ करून, अंगावर पांढरी गाबी लपेटून दारात उभा. "चला."

"कुठं, आबाबा?"

"घरी. दोन वर्षं झाली."

आता काय करू? भूगोलाचा मास्तर ना मी, डोकं चाललं. म्हटलं, "आबाबा, झाली ती आपल्या हिशेबानं. ते परदेशी लोक, त्यांचं कॅलेंडर वेगळं. आपले तेरा महिने, त्यांचे बारा. आपलं साल एक, त्यांचं भलतंच."

आबाबा खाली बसले. विचार करून म्हणाले, "त्यांचं साल आपल्या पुढं सात-आठ वर्षं आहे ना?"

"हो."

"मग त्यांची दोन वर्षं आपल्या आधीच व्हायला पाहिजेत."

गवंडी माणूस! ओळंबा लावल्यासारखं बरोबर! मी म्हटलं, "नाही, ते... ते उलट्या बाजूनं मोजतात." आणि तुम्हाला सांगतो, त्यांनी ऐकून घेतलं. माझ्याकडं जरा वेळ बघितलं, टोपी काढली, म्हणाले, "तू शिकलेला आहेस." पुढच्या वर्षी लीप वर्ष आडवं आलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्या देशात निवडणूक होती, त्यामुळं ते साल धरायचं नसतं, असं मी सांगितलं. दर वर्षी त्याच दिवशी अंघोळ, गाबी, दार. दर वर्षी मी एक नवं खोटं शिजवून ठेवायचो. हायमानोत म्हणायची, "शिमे, सांगून टाक एकदा. म्हातारं माणूस आहे, एकदा रडेल, गप्प होईल." मी म्हणायचो, "सांगतो, सांगतो, ईस्टर होऊ दे." इथल्या माणसाला ईस्टर दर वर्षी येतो हो.

सहा वर्षं गेली अशी. आबाबा चौऱ्याऐंशीचे झाले. आणि एका बुधवारी सकाळी घरातनं गायब!

हायमानोत रडतीय, मी चारही मजले वरखाली करतोय, चर्चमध्ये बघून आलो, बाजारात बघून आलो, आणि दुपारी तेफेराचा फोन. "शिमेलिस, गाशे अद्मासू इथं आहेत." वडीलधाऱ्या माणसाला आमच्यात मानानं गाशे म्हणतात. मी विचारलं, "इथं म्हणजे?" तर म्हणतो, "व्हिसाच्या रांगेत." रांगेत! कसली रांग? आबाबा एकटेच होते! अकरा महिन्यांत त्या देशाचा व्हिसा मागायला आलेला पहिला माणूस माझा बाप!

तर झालं असं. चार मजले उतरून, निळ्यापांढऱ्या मिनीबस तीनदा बदलून हे तिथं पोचले. तेफेरानं नियमाप्रमाणं विचारलं, "आबाबा, काम काय?" हे म्हणाले, "आत जायचंय." तो म्हणाला, "व्हिसाचं काम असेल तरच आत सोडतात." हे म्हणाले, "मग व्हिसाचं." आणि व्हिसाची खोली कोणती? पूर्वेची! जिथं आईचा पलंग होता तिथं एक बाक, जिथं तिचं कपाट होतं तिथं काचेची खिडकी, आणि खिडकीच्या पलीकडं लुर्देस बाई. त्या वकिलातीत माणसं किती, तर अडीच. एक राजदूत, एक लुर्देस बाई, आणि अर्धा तेफेरा, कारण तो अर्धा वेळ फाटकावर आणि अर्धा वेळ दुभाष्या.

बाईंनी फॉर्म काढला. अकरा महिन्यांनी काढला म्हटल्यावर आधी धूळ झटकली असणार. "भेटीचा हेतू?"

आबाबा म्हणाले, "मरायला."

आता तेफेराची पंचाईत झाली. परक्या बाईमाणसाला, सकाळी सकाळी, हे कसं सांगायचं? त्यानं जरा मऊ केलं. म्हणाला, "त्यांना तिथं शांत पडून राहायचंय."

बाईंचा चेहरा उजळला! "पर्यटन! समुद्रकिनारा!" लिहिलं. "किती दिवस राहणार?"

आबाबा म्हणाले, "ते देवाच्या हातात. पण फार नाही."

"तीस दिवस लिहिते. बरोबर कोण?"

"बायको तिथंच आहे."

बाईंचे डोळे भरून आले म्हणे. आमच्या बेटावर ह्यांची बायको! एवढ्या लांब! धावत आत गेल्या, राजदूतांना घेऊन आल्या. राजदूत एव्हारिश्टो साहेब, उंच, काळाभोर, पांढराशुभ्र शर्ट, आणि फार सज्जन माणूस, पण त्यांची एक गोची होती. ते आमची भाषा शिकले कुणाकडनं, तर तेफेराकडनं! त्यामुळं त्यांना येत होती ती फक्त पहारेकऱ्याची भाषा. हात पुढं करून, तोंडभर हसून ते आबाबांना म्हणाले, "थांब! कुठं चाललास? पिशवीत काय आहे?" आबाबांनी उठून, वाकून, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि पिशवी दाखवली. पिशवीत कॉफीचं मातीचं भांडं होतं. साहेबांनी तिथल्या तिथं शिक्का मारला, फी माफ केली आणि स्वतःच्या देशाचं एक चित्र भेट दिलं. मासा आणि दोन नारळाची झाडं.

आबाबांच्या दृष्टीनं विषय संपला. कागद आहे, शिक्का आहे, तीस दिवसांची परवानगी आहे. घर आपलं, खोली आपली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गादीची वळकटी डोक्यावर घेऊन फाटकात हजर! "तेफेरा, बाजूला हो. व्हिसा आहे."

मी धावलो. पाय धरायचेच बाकी ठेवले साहेबांचे. सगळं समजावून सांगितलं, कोण, काय, मरण म्हणजे काय आणि पर्यटन म्हणजे काय. मला वाटलं आता हा माणूस चिडणार, करार फाडणार. साहेब ऐकत बसले. मग खिडकीतनं बाहेर बघत इंग्रजीत म्हणाले, "मास्तर, माझ्या मंत्रालयानं गेल्या पाच महिन्यांत माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. राष्ट्रदिनाला मी साठ खुर्च्या मांडल्या होत्या. सहा माणसं आली, त्यातली दोन पत्ता चुकून आली होती. येऊ दे ना त्यांना. नऊ ते बारा. व्हिसाची वेळ तीच आहे."

मग काय! रोज नऊ ते बारा आबाबा पूर्वेच्या खोलीत. बाकावर, बरोब्बर पलंगाच्या जागी. गादी मी परत आणली, पण कॉफीचं भांडं तिथंच राहिलं. तिन्ही वेळची कॉफी व्हायची, पहिली कडक, दुसरी मध्यम, तिसरी आशीर्वादाची, आणि तोवर वकिलातीचं कामकाज बंद, म्हणजे जे नव्हतंच ते बंद. त्यांनी छतातली गळती काढली. पाण्याचा पाइप कुठनं गेलाय ते कुणालाच माहीत नव्हतं, ह्यांनी भिंतीला कान लावून सांगितलं. तीस दिवस संपले की साहेब नवा शिक्का मारायचे. आणि चौथा मजला चढून घरी आले की म्हातारा जेवताना हसायचा! सहा वर्षांत पहिल्यांदा! मी हायमानोतला म्हटलं, "बघ, लागलं की नाही सगळं मार्गी? सांगायची गरजच पडली नाही." ह्यात माझं काय चुकलं?

चुकलं ते असं. एक दिवस कॉफी पिता पिता साहेबांना उमाळा आला. म्हणाले, आणि तेफेरानं जसंच्या तसं भाषांतर केलं, एरवी मऊ करतो तो मेला, त्या दिवशी जसंच्या तसं! म्हणाले, "गाशे अद्मासू, नशीब माझं की करार दहा वर्षांचा आहे. अजून साडेतीन वर्षं आपण रोज अशी कॉफी पिऊ."

त्या दिवशी आबाबा संध्याकाळपर्यंत आले नाहीत. मी जिन्यात उभा. शेवटी आले. एकेक पायरी. मी हात द्यायला गेलो, तो त्यांनी घेतला नाही. आत आले, बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "दहा."

एवढंच. आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर मी दहा शिव्या परत दिल्या असत्या, मोकळा झालो असतो. मी म्हटलं, "आबाबा, मुलींचं शिक्षण होतं... आणि मी म्हटलं, पुढं बघू..."

"दोन माझ्यासाठी होती," ते म्हणाले. "बाकीची आठ तू कशाच्या भरवशावर सोडलीस?"

मी उगाच त्यांचे बूट सरळ करायला लागलो.

"मी मरेन, म्हणूनच ना? दोन वर्षांत म्हातारा आटपेल, मग सांगायलाच नको."

तुम्हाला सांगतो... नाही, राहू द्या. काही नाही. पाणी आहे का इथं?

...हां. तर दुसऱ्या दिवशी सकाळी गादी, गाबी आणि औषधाची पिशवी घेऊन ते गेले. आणि खिडकीपाशी उभं राहून बाईंना म्हणाले, "आता व्हिसा नको. आश्रय पाहिजे."

तुम्ही हसताय. हसा. मीही हसलो असतो, दुसऱ्याचा बाप असता तर. त्या देशाकडं आजवर कुणी आश्रय मागितला नव्हता, त्यांच्याकडं फॉर्मच नव्हता! लुर्देस बाईंनी वहीचं पान फाडून, पट्टीनं रेघा मारून, दुसऱ्या कुठल्यातरी देशाचा फॉर्म बघून स्वतः रकाने आखले. तेफेरानं मला नंतर सगळं सांगितलं.

"धोका कुणापासून?"

"शिमेलिस अद्मासू."

"नातं?"

"मुलगा."

"छळाचं स्वरूप?"

"खोटं बोलतो."

"शस्त्र वगैरे वापरतो?"

"कॅलेंडर."

साहेबांनी ते पान त्यांच्या मंत्रालयाला पाठवलं आणि निकाल येईतो अर्जदाराला आवारात राहू द्यावं, असा स्वतःच हुकूम काढला. आणि आश्रय म्हटलं की छळ करणाऱ्याला फाटकात मज्जाव आला, म्हणून ती यादी. एक नाव, एक शिक्का. मी साहेबांना फोन केला, ओरडलो, "अहो, हा घरातला मामला आहे!" तर तो सज्जन माणूस काय म्हणतो, "मास्तर, माझ्या देशावर आजपर्यंत कुणी एवढा विश्वास टाकलेला नाही. मी तो मोडू शकत नाही." पोलिसांत जाऊन काय सांगू? बाप परदेशात पळालाय, आणि परदेश म्हणजे आमचीच मागची खोली?

मग रोजचं सुरू झालं. सकाळी शाळेआधी जेमोहून निघायचं, हातात डबा, इंजेरा आणि शिरो, म्हणजे आंबट भाकरी आणि डाळीच्या पिठाचं कालवण, कारण मोठा उपास लागला होता, लोणी नाही, मांस नाही. फाटकापाशी तेफेरा डबा घ्यायचा आणि कालचा घासलेला रिकामा डबा परत द्यायचा. "काही म्हणाले?" "नाही." दुसऱ्या दिवशी, "काही म्हणाले?" "नाही." सहा आठवडे! फाटकाच्या फटीतनं मी बघायचो. अंगणात ऊन खात बसलेले असायचे, लुर्देस बाईंना कॉफीचे दाणे कसे भाजायचे ते शिकवत. हसायचे. बाई पण हसायच्या. साहेब खुर्ची आणून द्यायचे. आणि मी, पोटचा मुलगा, एका डोळ्यानं, फटीतनं! एकदा एक व्यापारी व्हिसासाठी आला. बाईंना म्हणाला, "किती दिवस लागतात?" बाई म्हणाल्या, "तीन आठवडे." तेवढ्यात त्याला कोपऱ्यात गादीवर झोपलेले आबाबा दिसले. दाढी वाढलेली. तो म्हणे उलट्या पावली गेला, परत आलाच नाही.

एकच निरोप आला, सहा आठवड्यांत एकच. तेफेरा डबा देताना खाली बघून म्हणाला, "काल खारट झालं होतं म्हणाले." तुम्हाला सांगतो, मी धावत, धावत घरी गेलो! हायमानोतला म्हटलं, "ते बोलले! खारट म्हणाले!" ती चुलीपाशी बसून रडायलाच लागली. त्या संध्याकाळी आम्ही मीठ इतकं जपून टाकलं, की चवच राहिली नाही.

तो डबा त्यांनी उघडला नाही.

सकाळी दहाला मी सातवीच्या वर्गात नद्या शिकवत होतो. तेफेराचा फोन आला. म्हणाला, "शिमेलिस, ये. यादी फाडलीय."

फाटक सताड उघडं होतं. साहेब अनवाणी उभे होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. झेंडा अर्ध्यावर उतरवला होता, आणि तेफेरानं मला नंतर सांगितलं, त्याला मंत्रालयाची परवानगी लागते, ती त्यांनी मागितलीच नाही. पूर्वेच्या खोलीत खिडकीच्या काचेला 'आज कामकाज बंद' अशी पाटी. गादी बाकाखालनं ओढून बरोबर पलंगाच्या जागी घातली होती. तोंडावर ऊन. मी शेजारी बसलो. लुर्देस बाई उठून बाहेर गेल्या. मी म्हटलं, "आबाबा, दहाच होती. मी दोन सांगितली." आता सांगून काय उपयोग? पण सांगितलं. इतकं सोपं होतं ते! दोन वाक्यं! एक ईस्टर काय, एक कॉफीसुद्धा थंड झाली नसती तेवढ्यात!

आणि वॉर्डाच्या कचेरीत गेलो मृत्यूची नोंद करायला, तर कारकून विचारतो, "ठिकाण?" मी पत्ता दिला. तो चष्मा वर करून म्हणतो, "ही तर वकिलात. मग परदेशात वारले असं लिहावं लागेल." मी म्हटलं, "अहो, ते घर त्यांनी बांधलंय!" तो म्हणाला, "कुणी बांधलंय असा रकाना नाही." लिहिलं त्यानं. परदेशात. आयुष्यात त्यांनी दगडासाठी आसपासचे डोंगर सोडले तर हे शहर ओलांडलं नव्हतं.

तंबू कुठं घालायचा, हाही प्रश्न होता. आमच्यात माणूस गेलं की तीन दिवस लोक येऊन बसतात, आणि चौथ्या मजल्यावर कोण बसणार? साहेब म्हणाले, "अंगण आहे की." तर तीन दिवस वकिलातीच्या अंगणात तंबू. अख्खी गल्ली आली, जुने गवंडी आले, चर्चची माणसं आली, चारशे तरी असतील. साठ खुर्च्या पुरल्या नाहीत. आणि फाटकात एव्हारिश्टो साहेब, काळा कोट घालून, रडून डोळे सुजलेले, येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन, मनापासून, अगदी हुंदका देऊन म्हणत होते, "थांब! कुठं चाललास? पिशवीत काय आहे?" आणि लोक पण इतके शहाणे, की मान लववून म्हणत होते, "देव धीर देवो."

आश्रयाचं उत्तर काही आलं नाही. दुसरंच पत्र आलं, चार महिन्यांनी. त्यांच्या सरकारला एवढ्या वकिलाती परवडेनात, आता दुसऱ्या कुठल्यातरी राजधानीतला माणूस अदीसचंही काम बघणार म्हणे. मंत्रालयानं साहेबांना पाठवलेलं ते पहिलं उत्तर. त्यांनी झेंड्याची घडी घातली, लुर्देस बाईंनी काचेची खिडकी पुसली, किल्ली माझ्या हातात दिली. कराराची तीन वर्षं शिल्लक असताना घर परत! जे इतकी वर्षं म्हातारा मागत होता, ते पोस्टानं घरपोच! आणि घ्यायला कोण? मी! तुम्हीच सांगा, ह्यात माझं... जाऊ द्या. चुकलं. माझंच चुकलं. काय लपवायचं आता तुमच्यापासनं.

आम्ही राहायला गेलो होतो, नाही असं नाही. हायमानोतनं पडदे लावले, मी सामान लावलं. पण पूर्वेच्या खोलीपाशी गेलं की पाय आपोआप उंबऱ्याबाहेर थांबतात. वाटतं, आत जाऊ की नको? कुणाला विचारायचं? सकाळी तिथं ऊन येतं, कुणाच्याच तोंडावर न पडता जातं. हायमानोत म्हणाली, "शिमे, मला नाही झोप लागत ह्या घरात." मला लागते असं थोडंच आहे! अकरा दिवस काढले, बाराव्या दिवशी परत जेमो, चौथा मजला.

तर आता घर रिकामं आहे. चार खोल्या, अंगण, पाण्याची टाकी, झेंड्याची काठी लावलेलीच आहे. छत गळत नाही. तुमच्या ओळखीत एखादा लहानसा देश असेल, तर सांगा.